जवसाची जागा ताटात

गोराईच्या खाडीच्या दोन काठांवर जवसाची गरज सारखी नाही. अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, गोराईची वसाहत आहे. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यातून चारकोप, मालवणी आणि गोराईत म्हाडाने आखलेले छोटे भूखंड सामान्य कुटुंबांना मिळाले, त्यांवर बैठी घरे उभी राहिली आणि मग मजले चढत गेले. कोकणातून, घाटावरून, खानदेश-विदर्भातून आलेली नोकरदार माणसे इथे स्थिरावली. पलीकडे, लाँचने खाडी ओलांडली की धारावी बेटावरचे मूळ गोराई गाव लागते. ते कोळ्यांचे, ईस्ट इंडियन कुटुंबांचे, डोल जाळ्यांचे, सुकत घातलेल्या बोंबलांचे आणि बाटली मसाल्याचे गाव आहे. पलीकडे मासळी हे रोजचे जेवण आहे. अलीकडे पुष्कळ घरांत ती वाराच्या हिशोबाने येते, आणि कित्येक घरांत येतच नाही.

दळलेला जवस रोज खावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर या दोन ताटांसाठी वेगळे आहे. पण आज जवसाबद्दल जो सल्ला कानावर पडतो तो सगळ्यांना एकच असतो: रोज सकाळी एक चमचा पूड कोमट पाण्याबरोबर घ्या. गुडघे, हृदय, साखर, केस, वजन, सगळे त्या चमच्यावर सोपवलेले असते. मला हा सल्ला पटत नाही, आणि जवसाबद्दल आस्था आहे म्हणूनच पटत नाही. जवस हे चांगले अन्न आहे. औषधाच्या डबीत घातले की ते चांगले राहत नाही, शब्दशः नासते. त्याची जागा ताटात, डाव्या बाजूला, चटणीच्या ठिकाणी आहे. ती जागा कोणाच्या ताटात किती मोठी असावी, हे बाकीच्या ताटाकडे पाहून ठरवायचे असते.

सुरुवात स्निग्धांशापासून करू. जवसाच्या दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग आल्फा लिनोलेनिक आम्ल हा असतो. ओमेगा-३ कुळातले हे आम्ल आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने प्रौढ पुरुषासाठी दिवसाला १.६ ग्रॅम आणि स्त्रीसाठी १.१ ग्रॅम हे पुरेसे प्रमाण मानले आहे. दळलेल्या जवसाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. त्यातून १.६ ग्रॅम मिळते, म्हणजे एका चमच्यात दिवसाची गरज भागली. इतके थोडे खाऊन इतके मिळावे असे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात फार नाहीत, आणि जवसाची ही बाजू मोठीच आहे.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो, की हे आम्ल आपल्याला आधीच कुठून मिळत नाही ना? इथे घरातला तेलाचा डबा पाहावा लागतो. शेंगदाणा तेलात हे आम्ल जवळजवळ नसते, सूर्यफुलाच्या तेलात नगण्य असते. सोयाबीनच्या तेलात मात्र सुमारे सात टक्के असते, मोहरीच्या तेलात त्याहून थोडे जास्त. म्हणजे ज्या घरात सोयाबीनचे तेल वापरतात तिथे माणशी दोन मोठे चमचे तेल पोटात गेले, की साधारण १.८ ग्रॅम आल्फा लिनोलेनिक आम्ल गेलेच. त्या घरात जवसाची पूड ओमेगा-३ साठी आणण्याचे कारण फारसे उरत नाही. शेजारच्याच दारात सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे तेल, मासळी वर्ज्य आणि अक्रोड परवडत नाही अशी परिस्थिती असेल, तर तिथे एक चमचा जवस हा खरोखर मोठा फरक आहे. एकाच चाळीत दोन दारांना दोन उत्तरे मिळतात. म्हणून जवस विकत घेण्यापूर्वी तेलाच्या पिशवीवरचे नाव वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मासळीचा मुद्दा याहून नाजूक आहे. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला जे ओमेगा-३ हवे असते ते डीएचए आणि त्याचे भावंड ईपीए. ही दोन्ही मासळीत तयार मिळतात. जवसातल्या आम्लापासून शरीर ती घडवू शकते, पण फार कंजूषपणे. ईपीए शंभरातले थोडेसेच होते, आणि डीएचए बहुतेकांत शंभरात एकही पुरते नाही. पाळी चालू असलेल्या वयातल्या स्त्रियांमध्ये हे रूपांतर काहीसे अधिक होते, पुरुषांमध्ये कमी. त्यामुळे जवस म्हणजे शाकाहाऱ्यांची मासळी, हे वाक्य कितीही वेळा ऐकले तरी खरे होत नाही. ज्याला शाकाहारात राहून डीएचए हवेच असेल त्याच्यासाठी समुद्री शेवाळापासून काढलेले तेल आहे. मासेही ते शेवाळाच्या साखळीतूनच मिळवतात. जवसावर तो भार टाकू नये.

आणि सगळी मासळीही एकसारखी नसते. तारली आणि बांगडा या तेलकट मासळ्या आहेत. त्यांत ईपीए-डीएचए भरपूर असते, आणि तारली तर अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यातली आहे. बोंबील, कोळंबी यांत प्रथिने उत्तम, पण स्निग्धांश कमी. गोराई गावातल्या ज्या घरी आठवड्यातून दोनदा तारली-बांगडा शिजतो, त्या घराने ओमेगा-३ साठी जवसाच्या मागे लागण्याची गरज नाही. त्यांच्या पूर्वजांनी निवडलेले अन्न त्याहून सरस आहे. पापलेट-सुरमईच्या भावाकडे पाहून मासळी सोडून देणाऱ्या आणि त्याऐवजी बरणीतली पूड आणणाऱ्या घरांनी एकदा तारलीकडे वळून पाहावे. तिला काटे जास्त असतात, वास उग्र असतो, पण पोषणाच्या हिशोबात ती अनेक महागड्या मासळ्यांच्या पुढे उभी राहते. इथे थोडे विषयांतर करतो. या खाडीकाठी मुंबईची एक कचराभूमी होती, ती २००७ च्या सुमारास बंद करून मातीखाली झाकली गेली. खाडीच्या पाण्याचा, तिवरांचा आणि किनाऱ्याच्या बांधकामांचा वाद हा पर्यावरणवाल्यांचा वाद आहे असे आपण समजतो. तो पलीकडच्या काठावरच्या मुलांच्या मेंदूला काय मिळणार, याचाही वाद आहे. मासळी गेली तर तिची जागा कोणत्याही बीची पूड घेऊ शकणार नाही.

मग पलीकडच्या काठावर जवसाला काहीच काम नाही का? आहे, पण वेगळे आहे. मासळीत तंतू नसतात. जवसाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २७ ग्रॅम तंतू असतात, आणि त्यांतला एक भाग पाण्यात बुळबुळीत होणारा, आतड्याला सौम्य असा असतो. शिवाय जवसात लिग्नान नावाची द्रव्ये इतर कोणत्याही सामान्य धान्याच्या कित्येक पटींनी जास्त असतात. आतड्यातले जिवाणू त्यांपासून एन्टेरोलिग्नान बनवतात. मासळी-भाताच्या जेवणात भाजी मागे पडते, तिथे तंतूसाठी जवसाची चटणी चांगली. म्हणजे एकच दाणा अलीकडच्या शाकाहारी घरात तेलासाठी आणि पलीकडच्या मासेखाऊ घरात सालीसाठी खाल्ला जावा. हा फरक ध्यानात घेतला, की एक चमचा सगळ्यांना हा सल्ला किती ढोबळ आहे ते कळते.

आता दळण्याबद्दल, कारण सगळे त्यावर अडते. जवसाचा दाणा गुळगुळीत, टणक आणि निसरडा असतो. नीट चावला गेला नाही तर तो आतड्यातून जसाच्या तसा पुढे जातो. बोरिवलीच्या दुकानांत भाजलेल्या जवसाचा, म्हणजेच अळशीचा, मुखवास मिळतो. तो चवीला छान असतो, जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकायला हरकत नाही, पण त्यातून पोषण किती मिळाले हे दातांनी किती काम केले यावर ठरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अख्खा, भरडलेला आणि बारीक दळलेला जवस खाल्ल्यावर रक्तात एन्टेरोलिग्नान किती उतरतात ते मोजले होते. दळलेल्याचे शंभर धरले तर भरडलेल्याचे ४३ आणि अख्ख्याचे फक्त २८ भरले. इथे खलबत्त्याच्या प्रेमिकांना, आणि मी त्यांतलाच आहे, थोडे नमते घ्यावे लागते. ओबडधोबड कुटलेल्या चटणीची चव मिक्सरला येत नाही हे खरे, पण दाणा अर्धवट फुटला तर त्यातले अर्धेच हाती लागते. बारीक होईपर्यंत कुटणारा हात असेल तर खलबत्ता. नसेल तर मिक्सर, संकोच न करता.

पण दळले की दुसरे संकट सुरू होते. ज्या गुणामुळे जवस खावासा वाटतो, त्याच गुणामुळे तो टिकत नाही. त्याच्या तेलातले आम्ल हवेतला प्राणवायू पटकन ओढून घेते आणि घट्ट, चिवट होत जाते. माणसाने या गुणाचा उपयोग शतकानुशतके केला आहे. चित्रकारांचे तैलरंग, लाकडावरचे वार्निश, खिडकीच्या काचा बसवायची पुट्टी, सगळे जवसाच्या तेलावर उभे होते. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने याच वाळलेल्या तेलापासून लिनोलियमची फरशी बनवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आल्यावर वऱ्हाड, खानदेश आणि मध्य प्रांतातला जवस मुंबई बंदरातून युरोपात जाऊ लागला तो मुख्यतः रंगाच्या आणि तेलाच्या गिरण्यांसाठी. मुंबईच्या मैदानांवर नवी बॅट घेतलेला प्रत्येक मुलगा तिला जे कच्चे तेल चोळतो, तेही हेच. बॅटवर वाळणे हा त्या तेलाचा गुण आहे. आपल्या डबीत वाळणे हा दोष. अख्ख्या दाण्यात साल ते तेल राखून ठेवते, त्यामुळे सुका, अख्खा जवस महिनोन्‌महिने टिकतो. दळला, की राखण संपली. आणि गोराईसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत, स्वयंपाकाच्या ओट्यावर, उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बरणीत तर ती फार लवकर संपते.

म्हणून दळून कित्येक महिने झालेली, दुकानाच्या फळीवर उभी असलेली पूड घेणे मला मुळातच चुकीचे वाटते. पाकिटावर आकर्षक चित्रे असतात, ओमेगा-३ चे आकडे असतात, पण दळणाची तारीख बहुधा नसते. पूड उघडल्यावर जुन्या ऑइल पेंटसारखा किंवा कडवट वास आला तर ती टाकून द्यावी. तिच्यातले आम्ल आता आपल्या कामाचे राहिलेले नाही. सुटा, अख्खा जवस वाण्याकडून आणावा, निवडावा, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, गार झाल्यावर आठवडाभर पुरेल इतकाच दळावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावा. भाजण्याने ओमेगा-३ जळून जाते अशी भीती पुष्कळांना असते. दाण्याच्या आतले तेल मध्यम उष्णतेला बऱ्यापैकी टिकते, पिठात मिसळून भट्टीत भाजलेल्या जवसावरच्या प्रयोगांतही ते टिकल्याचे दिसले आहे. मोकळे काढलेले तेल तापवणे ही मात्र वेगळी गोष्ट. ते तळणाला वापरू नये. भाजण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या जवसात सायनाइड सोडू शकणारी संयुगे अल्प प्रमाणात असतात, ती उष्णतेने कमी होतात. रोजच्या एक-दोन चमच्यांत प्रौढ माणसाला त्यांची भीती नाही, पण कच्ची पूड वाटीवाटीने खाणाऱ्यांनी आणि लहान मुलांना भरपूर देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जुन्या स्वयंपाकघरात जवस आधी भाजून मगच चटणीला घेत. त्यामागे चव होती, टिकाऊपणा होता आणि नकळत सुरक्षितताही होती.

या आम्लाच्या दुहेरी स्वभावावर शास्त्रज्ञांनी शोधलेला एक उपाय मला फार बोलका वाटतो. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्परिवर्तनातून जवसाची अशी जात काढली, की तिच्या तेलात आल्फा लिनोलेनिक आम्ल दोन टक्क्यांच्या आसपास उरले. नाव लिनोला. हेतू असा, की तेल वाळू नये, तळणाला चालावे. आपल्याकडे हेच काम मुंबईत झाले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने टीएल-९९ ही जात घडवली. तिच्या तेलात हे आम्ल पाच टक्क्यांहून कमी असते आणि २०१९ साली ती लागवडीसाठी प्रसृत झाली. चेंबूरपलीकडे, ट्रॉम्बेच्या डोंगरापाशी, जवसातून ओमेगा-३ काढून टाकले जाते. आणि बोरिवलीत तेच ओमेगा-३ मिळावे म्हणून जवस विकत घेतला जातो. दोन्हींत विसंगती नाही. तेल म्हणून विकायचे तर जवसाने आपला स्वभाव सोडला पाहिजे. दाणा म्हणून खायचा तर तो स्वभावच हवा. नागपूरला विकसित झालेल्या एनएल-९७, एनएल-२६० यांसारख्या जाती आणि मराठवाड्यातला लातूर जवस-९३ हे दाण्याच्या आणि तेलाच्या उत्पादनासाठी आहेत, आणि चटणीला असेच नेहमीचे जवस हवेत.

आता वैद्यकीय दाव्यांकडे येऊ, कारण लोकांच्या मनात तेच असतात. कॅनडातल्या विनिपेगमध्ये झालेला एक प्रयोग जवसाच्या बाजूने सर्वांत जोरदार पुरावा म्हणून सांगितला जातो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस, किंवा जवस नसलेले तसेच खाद्यपदार्थ, देण्यात आले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० आणि खालचा सुमारे ७ एककांनी कमी भरला. हा परिणाम औषधाच्या तोडीचा आहे. पण तो थोड्या लोकांवर, तेही आजारी लोकांवर, आणि रोज चार मोठे चमचे जवस खाऊन मिळालेला होता. नंतर अनेक प्रयोग एकत्र करून जे हिशोब झाले त्यांत वरच्या रक्तदाबातली सरासरी घट दोन-तीन एककांच्या आसपासच भरली. कोलेस्टेरॉलचेही तसेच. २००९ च्या एका एकत्रित विश्लेषणात वाईट कोलेस्टेरॉल थोडेसे, डेसिलिटरमागे साधारण ३ मिलिग्रॅम, कमी झालेले दिसले. त्यात एक महत्त्वाची गोष्ट अशी होती, की हा फरक बियांनी पडला, जवसाच्या तेलाने पडला नाही. म्हणजे कॅप्सूलमध्ये भरलेले तेल घेणारा माणूस जवसातला तंतू आणि लिग्नान बाजूला काढून टाकतो आणि उरलेल्यासाठी जास्त पैसे मोजतो. हे पाहिल्यावर मी कॅप्सूलपेक्षा कुटलेल्या दाण्याच्या बाजूने का आहे, ते वाचकाला समजेल.

पण याच आकड्यांनी चटणीच्या कैवाऱ्यांनाही आवरले पाहिजे. ताटातली चटणी म्हणजे एखाददुसरा लहान चमचा, फार तर एक मोठा. तिने विनिपेगचा १० एककांचा परिणाम मिळेल अशी आशा धरणे बरोबर नाही. आणखी एक गोष्ट. विनिपेगमध्ये जवस पावात, मफिनमध्ये, पास्त्यात घालून दिला होता. आपल्या चटणीत मीठ असते, आणि रक्तदाबाच्या माणसाला मीठच टाळायचे असते. रक्तदाबासाठी म्हणून खारट जवसाची चटणी दोन-दोन चमचे खाणारा एका हाताने मिळवतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो. यावर उपाय अवघड नाही. चटणीत मीठ निम्मे घालावे, लसूण, जिरे, आमसूल किंवा चिंच थोडी वाढवावी, चव भरून निघते. किंवा अर्धी पूड बिनमिठाची ठेवून ती भाकरीच्या पिठात, दह्यात, वरणात घालावी. ज्वारीच्या भाकरीच्या पिठात थोडा दळलेला जवस मळला तर भाकरी मऊ राहते असा अनुभव आहे.

मग एका मोठ्या चमच्याने काय साधते? दिवसाची आल्फा लिनोलेनिक आम्लाची गरज भागते, दोन ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात, आणि ताटात जी जागा पापडाने किंवा तेलकट लोणच्याने घेतली असती ती सकस पदार्थ घेतो. हा लाभ छोटा आहे, रोजचा आहे आणि वर्षानुवर्षे टिकणारा आहे. मला तो पुरेसा वाटतो. जेवणातला एखादा पदार्थ चांगला ठरायला त्याने आजार बरा केलाच पाहिजे, ही अट आपण का घालतो? जवसाची साखर उतरवण्याची, कर्करोग रोखण्याची, गुडघ्यांना तेल देण्याची आश्वासने पसरतात आणि ती पुरी होत नाहीत, तेव्हा निराश झालेला माणूस जवसही सोडतो आणि कधी कधी त्याआधी गोळ्याही सोडलेल्या असतात. हा दुसरा धोका गंभीर आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची, कोलेस्टेरॉलची औषधे जवसाच्या भरवशावर कोणी बंद करू नयेत. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, गर्भारपण असेल, आतड्याचा अडथळा किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच रोजचे प्रमाण ठरवावे. तंतू औषधांचे शोषण लांबवू शकतात, म्हणून गोळी आणि जवस यांत अंतर ठेवावे. आणि जवस खाल्ला की पाणी पुरेसे प्यावे.

आयुर्वेदात जवस अतसी या नावाने आहे, आणि आपल्या घरांत त्याचा बाहेरून उपयोगही होता. गळवावर अळशीच्या पिठाचे गरम पोटीस बांधत. दाण्याचा तोच बुळबुळीत गुण उष्णता धरून ठेवत असे. म्हणजे जवस औषधी आहे ही कल्पना नवी नाही. पण त्या घरांत पोटिसाचा जवस वेगळा आणि जेवणाचा वेगळा, हे भान होते. पूर्व विदर्भात जवसाचे घाणीचे तेल भाकरीवर, चटणीवर कच्चे घेत, काही घरांत स्वयंपाकालाही वापरत. चटणी जवसाची, कारळ्याची, तिळाची, शेंगदाण्याची, आलटून पालटून. आठवड्यात एक चटणी संपली की दुसरी कुटली जाई. जे आलटून पालटून खाल्ले जाते त्याचा अतिरेक होत नाही, हे शहाणपण त्या पद्धतीत होते. कोणी त्याला महाअन्न म्हटले नाही आणि त्याचे काही बिघडलेही नाही.

मात्र त्या काळाच्या आठवणीने भारावताना कुटणारे हात कोणाचे होते हे विसरू नये. ताजे कुटा, थोडे कुटा, रोज ताटात ठेवा, असा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळायची वेळ येते तेव्हा तो घरातल्या बाईच्या वाट्याला येतो, जी गोराईहून सकाळची बस पकडून बोरिवली स्टेशन गाठते आणि संध्याकाळी उभ्याने प्रवास करून परतते. तिच्या डोक्यावर आणखी एक काम घालणारा आहारसल्ला मला मान्य नाही. जवस भाजून मिक्सरमध्ये फिरवायला वीस मिनिटे लागतात. ते घरातला कोणीही करू शकतो आणि पुरुषांनी ते आपल्याकडे घ्यावे. दुसरा मार्ग बचतगटांचा आहे. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत विदर्भ-मराठवाड्यातल्या गटांच्या चटण्या मुंबईकर आवडीने नेतात. त्या पाकिटांवर दळणाची तारीख ठळक छापावी, पाकीट लहान असावे, काळ्या किंवा अपारदर्शक वेष्टनात असावे, मीठ किती ते लिहावे. गोराई-चारकोपच्या महिला गटांनी अख्खा जवस आणून आठवड्याच्या ऑर्डरप्रमाणे ताजा दळून द्यायला सुरुवात केली, तर बाजारातल्या महागड्या पुडीपेक्षा ते कितीतरी चांगले अन्न असेल, आणि पैसा वस्तीतच राहील.

उरतो शेतकरी, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत दुर्लक्षित टोक तेच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या उभ्या पिकात, कापणीआधीच, ओलाव्यावर लाखोळी किंवा जवस फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. वेगळी नांगरट नाही, पाणी द्यावे लागत नाही, खत फारसे नाही, जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर रब्बीचे पीक येते. निळ्या फुलांचे ते शेत खर्चाच्या मानाने कोरडवाहू शेतकऱ्याचे हक्काचे उत्पन्न होते. देशातले जवसाचे क्षेत्र १९७० च्या दशकात वीस लाख हेक्टरांच्या घरात होते, ते आज त्याच्या लहानशा अंशावर आले आहे. खरिपात सोयाबीन आले, सिंचन आले तिथे गहू-हरभरा आला, कळ्यांवरच्या माशीने नुकसान केले, रंगाच्या कारखान्यांना दुसरा कच्चा माल मिळाला, आणि खाणारा वर्ग शहरात येऊन सूर्यफुलाच्या तेलाला लागला. कारणे अनेक आहेत, पण एक सरळ आहे. रब्बीच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत गहू, जव, हरभरा, मसूर, मोहरी आणि करडई आहे. जवस नाही. करडईला जो आधार आहे तो जवसाला का नसावा, याचे पोषणाच्या बाजूने मला एकही उत्तर सापडत नाही.

पुण्याच्या भारती विद्यापीठाने भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने जवसाच्या मूल्यसाखळीवर काम केले. जवस खाऊ घातलेल्या कोंबड्यांची ओमेगा-३ युक्त अंडी हा त्यातला एक भाग होता. कोंबडीचे शरीर जवसातल्या आम्लाचे डीएचए आपल्यापेक्षा सरस करते, त्यामुळे ही वाट अंडी खाणाऱ्या घरांसाठी चांगली आहे. पण शहरातल्या ग्राहकासाठी बनवलेल्या महाग अंड्यापेक्षा अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या माध्यान्ह भोजनाची वाट मला अधिक महत्त्वाची वाटते. खिचडीबरोबर भाजलेल्या जवसाची चटणी अर्धा चमचा, आठवड्यातून दोन-तीनदा, मुलांच्या वयाला साजेल इतकी. विदर्भातल्या जिल्ह्यांत हा जवस जवळच्या शेतातून घेता येईल आणि सरकारी खरेदीचे एक ठरलेले गिऱ्हाईक तयार होईल. मुंबईच्या महापालिका शाळांत, गोराई-चारकोपच्या शाळांसह, तोच जवस बचतगटांकडून दळून येऊ शकेल. यासाठी नवे संशोधन लागत नाही. लागतो तो खरेदीचा आदेश, दळणाच्या तारखेची अट आणि आधारभूत किमतीच्या यादीत एका ओळीची भर.